धावत्या शब्दाची मोजदाद

ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर ७८ नंबरच्या घरापुढे एक लाल टपालपेटी आहे. १८८५ साली जेम्स मरे नावाचा लांब दाढीचा स्कॉटिश मास्तर या घरात राहायला आला. त्याची पत्रापत्री एवढी वाढली की टपालखात्याने पेटीच त्याच्या दारात आणून बसवली. पाकिटावर ‘मिस्टर मरे, ऑक्सफर्ड’ एवढंच लिहिलेलं असलं तरी पत्र बरोबर पोहोचे. मरे इंग्रजीचा कोश करत होता, आणि त्या कोशाचं काम घरामागच्या बागेत, पन्हळी पत्र्याच्या एका शेडमध्ये चाले. शेजारी कायद्याचे प्राध्यापक डायसी राहत. पत्र्याचं हे ध्यान आपल्या खिडकीतून दिसायला नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून शेड तीन फूट खणून जमिनीत उतरवली. आत ओल आली ती कायमची. हिवाळ्यात मरे जाड कोट चढवून, वाऱ्यापासून जपण्यासाठी पाय खोक्यात घालून बसे आणि शब्द तपासत राही.

शेडच्या भिंतींना कप्पेच कप्पे होते. कप्प्यांत चिठ्ठ्या. सहा इंच बाय चार इंचाचा कागद, कोपऱ्यात शब्द, खाली ग्रंथाचं नाव, साल, पान आणि तो शब्द ज्यात आला ते वाक्य. जगभरातले हौशी वाचक अशा चिठ्ठ्या फुकट पाठवत. मरेची अकरा मुलं खाऊच्या पैशांसाठी त्या अकारविल्हे लावून देत.

या चिठ्ठ्यांचा पसारा हाताळताना मरेला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ‘अब्यूजन’ हा शब्द इंग्रजीतून जवळपास नाहीसा झालेला. त्याच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या होत्या. ‘अब्यूज’ हा रोजच्या वापरातला शब्द, त्याच्या पाचसुद्धा नव्हत्या. वाचकांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? विचित्र शब्द दिसला की माणूस थबकतो, पेन्सिल उचलतो. साध्या शब्दावरून डोळे घसरत पुढे जातात. त्यामुळे ज्या शब्दांवाचून इंग्रजीचं पान हलत नाही, त्यांचेच पुरावे कमी पडले आणि ते शोधायला संपादकांना आणि त्यांच्या मदतनिसांना पुन्हा पुस्तकांत डोकं घालावं लागलं.

हे दुखणं मरेच्या आधीपासूनचं. सॅम्युअल जॉन्सनने लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवून कोश केला. तो १७५५ साली निघाला आणि त्यात ४२ हजारांवर शब्द होते. त्याच्या प्रस्तावनेत जॉन्सनने एका विशिष्ट क्रियापदांच्या टोळीबद्दल तक्रार नोंदवून ठेवली आहे: ब्रेक, कम, गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक, टर्न, थ्रो. ही क्रियापदं इतकी सैल आणि इतकी सर्वसंचारी, की त्यांना व्याख्येच्या दावणीला बांधणं मुश्कील. तरी त्याने ‘टेक’चे १३४ अर्थ लावून दाखवले. गेंड्याची व्याख्या दोन ओळींत होते. आखूड क्रियापदाची होत नाही, कारण गेंडा दाखवता येतो आणि ‘टेक’ दाखवता येत नाही.

त्या टोळीतला आज सगळ्यात पुढे गेलेला गडी म्हणजे ‘रन’.

ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्या आवृत्तीत ‘आर’ हे अक्षर विल्यम क्रेगीच्या वाट्याला आलं. हाही स्कॉटिश, डंडी गावचा. १८९७ साली कोशाच्या कामावर आला आणि १९०१ साली संपादक झाला. तो मरेच्या पत्र्याखाली बसत नसे. त्याची बैठक गावातल्या जुन्या ॲशमोलियन इमारतीत. ‘क्यू’ आणि ‘आर’ अक्षरांचा खंड १९१० मध्ये पुरा झाला. हा शब्द क्रेगीच्या हाती पडला हा एक छान योग, कारण क्रेगी आइसलँडिक आणि इतर उत्तरेकडच्या भाषांचा जाणकार होता आणि ‘रन’चं निम्मं गोत्र तिकडचंच आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘रिन्नन’ असंही होतं आणि अक्षरं उलटून ‘इर्नन’ असंही. आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं, तसाच हा प्रकार. त्यात आठव्या-नवव्या शतकापासून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या नॉर्स लोकांच्या ‘रिन्ना’ आणि ‘रेन्ना’ची भर पडली. या सगळ्यांतून घासून-पुसून आजचा तीन अक्षरी शब्द उरला.

त्याच्या जर्मन चुलतभावाकडे, ‘रिन्नेन’कडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख कळते. ‘रिन्नेन’ म्हणजे वाहणं, पाझरणं. तेव्हा पायाने धावणं हा ‘रन’चा मूळ आणि एकमेव अर्थ, आणि बाकीचे सगळे अलंकार, असं शाळेत वाटतं ते खरं नाही. माणूस पळतो तसं पाणी पळतं, हे या शब्दाला अगदी लहानपणापासून माहीत आहे. नाक ‘रन’ होतं, नळ ‘रन’ होतो, धुतलेल्या कापडाचा रंग ‘रन’ होतो, कढत भाकरीवरचं लोणी ‘रन’ होतं. यांत रूपक वगैरे काही नाही. जुना अर्थच आहे तो.

मराठी या जागी किती हात वापरते ते पाहण्यासारखं आहे. नाक वाहतं, रंग जातो, लोणी वितळतं, घड्याळ चालतं, दुकान चालवतात, संसार हाकतात, रस्ता गावाकडे जातो, साखर संपते, जुना मित्र रस्त्यात भेटतो, मोटार अंगावरून जाते. इंग्रज या दहाही ठिकाणी ‘रन’ वापरतो, फार तर पाठीला एखादं ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ असं शेपूट लावतो.

हे शेपूट लावण्याचं तंत्र इंग्रजीने मध्ययुगानंतर जोरात चालवलं. पण नुसत्या शेपटांनी शब्द इतका मोठा होत नाही. ‘रन’ मोठा झाला तो धंद्यांमुळे. ज्याला त्याला आपल्या कामासाठी एक आखूड, हाताशी असलेला शब्द हवा होता आणि प्रत्येकाने हाच उचलला.

चोरट्यांचंच घ्या. अठराव्या शतकात केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यांवर रात्री होड्या लागत आणि जकात चुकवून चहा, ब्रँडी, रेशीम उतरवलं जाई. या कामाला माल ‘रन’ करणं म्हणत. चहावरची जकात एवढी होती की प्रतिष्ठित घरांतल्या किटल्यांतही चोरटा चहा उकळे. १७८४ साली ती ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि धंदाच बसला. शब्द मात्र बसला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून दक्षिणेचा कापूस बाहेर काढणारी जहाजं ‘ब्लॉकेड रनर’ झाली. त्यातली बरीच स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर बांधलेली आणि वेगासाठीच घेतलेली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेत ‘रम-रनर’ आले. कोकण किनाऱ्यावर याच धंद्याला ‘लँडिंग’ म्हणत. तिथे धावण्यापेक्षा टेकण्याला महत्त्व, असं दिसतं.

त्याच अठराव्या शतकात चोर पकडणारेही ‘रनर’ होते. न्यायाधीश आणि कादंबरीकार हेन्री फील्डिंगने १७४९ च्या सुमारास लंडनच्या बो स्ट्रीटवर पगारी माणसांची छोटी तुकडी उभी केली. लोक त्यांना ‘बो स्ट्रीट रनर’ म्हणत. त्या माणसांना स्वतःला हे नाव हलकं वाटे. रनर म्हणजे निरोप्या, हरकाऱ्या, असा तेव्हाचा भाव. हिंदुस्थानात टपाल पोहोचवणाऱ्या हरकाऱ्यालाही साहेबाने ‘रनर’च म्हटलं. घुंगरू बांधलेला भाला खांद्यावर टाकून रानवाटेने धावणारा तो माणूस मात्र खरोखर धावत असे. या यादीत तसे थोडेच.

बँकेवरचा ‘रन’ वेगळाच. त्यात धावतो तो खातेदार आणि दम लागतो तो बँकेला. १७४५ च्या डिसेंबरात स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्राची फौज डर्बीपर्यंत आल्याची बातमी लंडनला पोहोचली तेव्हा नोटा घेऊन लोक बँक ऑफ इंग्लंडच्या दारात जमले. बँकेने म्हणे सहा-सहा पेनीच्या नाण्यांत पैसे मोजून द्यायला सुरुवात केली, कारण मोजायला वेळ लागतो आणि वेळ हवाच होता. फौज मागे फिरली, बँक वाचली. १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत कापसाचे भाव कोसळून शेअरांचा फुगा फुटला होता आणि त्यात हात पोळलेली बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ साली गुंडाळावी लागली. मराठीत आपण बँक ‘बुडाली’ म्हणतो. निकालाचं नाव घेतो, धावपळीचं नाही. नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात १४ सप्टेंबर २००७ रोजी रांगा लागल्या तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांना १८६६ ची आठवण काढावी लागली. चित्रांत दिसतं ते असं: म्हातारे लोक घडीच्या खुर्च्या आणून शांतपणे रांगेत बसले आहेत. आणि म्हणायचं याला ‘रन’.

नाटकवाल्यांनी हा शब्द दिवस मोजायला घेतला. १७२८ साली लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स थिएटरात जॉन गेचा ‘बेगर्स ऑपेरा’ पहिल्याच हंगामात ६२ वेळा झाला आणि ‘लाँग रन’चा तो तेव्हाचा नमुना ठरला. त्याच शहरात २५ नोव्हेंबर १९५२ रोजी उघडलेलं अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १६ मार्च २०२० पर्यंत सलग चाललं. थांबलं ते कोरोनामुळे.

राजकारणात या शब्दाने दोन खंडांची फारकत केली आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. मराठी माणसाने मतपेटी इंग्रजांकडून घेतली, तेव्हा क्रियापदही त्यांचंच घेतलं असं म्हणायला जागा आहे, कारण आपलाही उमेदवार उभा राहतो. नंतर आपण त्यावर आपली करामत केली. उभा राहिलेला पडतो, त्याला कुणी पाडतं, आणि अर्ज मागे घ्यायला लावला तर त्याला ‘बसवला’ म्हणतात. अमेरिकेतल्या शब्दांवर मात्र घोड्यांच्या शर्यतीची छाप. उपाध्यक्षपदाचा उमेदवार ‘रनिंग मेट’ असतो. एकाच तबेल्यातून दोन घोडे उतरवायचे आणि एकाने दुसऱ्यासाठी वेग राखायचा, ही मूळ रीत. शर्यत हरलेल्या घोड्यांची वर्तमानपत्रातली यादी ‘हेही धावले’ अशी येई. त्यातून निघालेला ‘ऑल्सो-रॅन’ अजून पडलेल्या उमेदवारांच्या पाठीला चिकटतो.

क्रिकेटमध्ये हा शब्द सगळ्यात सरळ असायला हवा होता. फलंदाज धावतो, धाव मिळते. पण आधी तिला ‘रन’ म्हणतच नसत. गुण मोजणारे काठीवर चाकूने खाचा पाडत. म्हणून संघाने इतक्या ‘नॉच’ केल्या असं बोललं जाई. कागद आला, काठी गेली, खाच गेली आणि ‘रन’ उरला. शिवाय चेंडू सीमेपार गेला की न धावताच चार मिळतात, तेव्हा हाही अर्थ धावण्यापासून सुटलाच. मराठीने इथे कमाल केली. ‘धाव’ घेतली, आणि ‘रन आउट’साठी कुस्तीच्या आखाड्यातून ‘चीत’ आणून जोडला: धावचीत. मग पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत असं सगळं घर उभं राहिलं. रेडिओवर बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवले. फलंदाजीची परिभाषा पैलवानांच्या शब्दांत बांधणारी भाषा दुसरी कुठली असेल असं वाटत नाही.

यंत्रांचा हिस्सा सगळ्यात मोठा. पाणी धावतं, त्याने चाक फिरतं, चाकाने गिरणी चालते, आणि गिरणी चालवणारा म्हणू लागतो की गिरणी ‘रन’ करणारा मी. या चार पायऱ्यांत कर्ता हळूच बदलला आहे. आधी पाणी धावत होतं, शेवटी मालक. आणि मालकाने तर पाऊलसुद्धा उचललेलं नाही. वाफेचं इंजिन आल्यावर हे सगळ्याच कारखान्यांत झालं. गिरणीतून निवड न करता, जसा निघेल तसा काढलेला माल ‘रन ऑफ द मिल’. आज त्याचा अर्थ सामान्य, नेहमीचा. प्रतवारी न लावलेला एवढाच मूळचा अर्थ होता, त्यात तुच्छता नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली आणि मराठीलाही हा शब्द चिकटला. रेल्वेत ड्रायव्हर-गार्ड आजही ‘रनिंग स्टाफ’, त्यांचा भत्ता ‘रनिंग अलाउन्स’, आणि ते जिथे झोप काढतात ती खोली ‘रनिंग रूम’. ज्या खोलीत कुणीही धावत नाही, किंबहुना जिथे मोठ्याने बोललं तरी ओरडा बसतो, तिला रनिंग रूम म्हणण्यात रेल्वेला काही विसंगती वाटत नाही. प्रवाशांनी स्वतःचा अर्थ वेगळा काढला. कल्याणला फलाटावर येणारी लोकल थांबण्याआधीच जो दांडा धरून उडी मारतो आणि खिडकीची जागा पटकावतो, त्याने ती ‘रनिंगमध्ये पकडली’.

मग हा ‘रनिंग’ गावभर हिंडला. ‘स्कूटर विकणे आहे, रनिंग कंडिशन’ ही छोटी जाहिरात पाहिली नाही असा वाचक नसेल. त्या गाडीला सकाळी वीस किका लागतात, ही बाब वेगळी. ठेकेदार काम पुढे सरकेल तसं ‘रनिंग बिल’ लावतो. आणि स्वयंपाकघराचा ओटा? तो कडप्प्याचा असो की ग्रॅनाइटचा, भाव ‘रनिंग फुटाने’. मिस्त्री टेप ओट्याच्या कडेला लावतो, अंगठ्याने एक टोक दाबतो, दुसरं टोक ओढत भिंतीपर्यंत जातो आणि म्हणतो, “साडेनऊ रनिंग.” रुंदी विचारात घ्यायची नाही, फक्त लांबी मोजायची, हे सगळं त्या एका शब्दात आलं. मिस्त्रीला इंग्रजी येत नसेल. हा अर्थ मात्र त्याला एखाद्या इंग्रजीच्या पदवीधराहून नेमका ठाऊक असतो.

संगणकाची गोष्ट तशी अलीकडची. १ मे १९६४ रोजी पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ‘बेसिक’ या संगणकभाषेतला पहिला प्रोग्रॅम चालला. केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणितज्ञांना यंत्र साध्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायचं होतं, म्हणून आज्ञाही साध्या इंग्रजीतल्या ठेवल्या. प्रोग्रॅम लिहून झाला की टाइप करायचं: रन. भारतात १९८४ च्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, तिथेही हीच आज्ञा. पुढे गल्लोगल्लीच्या संगणक क्लासांत जीडब्ल्यू-बेसिक शिकवू लागले. चप्पल बाहेर काढून वातानुकूलित खोलीत शिरायचं, एकाच पडद्यापुढे तिघांनी बसायचं. पडद्याच्या तळाशी बटणांची यादी असे. एफ-वन म्हणजे लिस्ट, एफ-टू म्हणजे रन. मराठी माध्यमाच्या कित्येक मुलांनी एफ-टू दाबलं आणि एक ते दहाचे वर्ग पडद्यावर सरसर उतरले. ‘प्रोग्रॅम चालव’ असं तेव्हाही कुणी म्हटलं नाही. ‘रन कर’ म्हणाले.

तिकडे ऑक्सफर्डात कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली तेव्हा सगळ्यात लांब नोंदीचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता: ४३० हून जास्त अर्थ, सुमारे ६० हजार शब्दांचा मजकूर. एखादी कादंबरी व्हावी एवढा. मग २००० सालापासून तिसऱ्या आवृत्तीचं काम संगणकावर, एक-एक नोंद तपासत सुरू झालं. ‘रन’ पीटर गिलिव्हर यांच्या टेबलावर आला. त्यांनी त्यावर नऊ महिने घालवले. मराठी कानाला नऊ महिने हा आकडा दुसरंच काही सुचवतो आणि ते अगदीच गैरलागू नाही. २०११ मध्ये नोंद प्रसिद्ध झाली. फक्त क्रियापदाचे अर्थ ६४५. ‘सेट’ मागे पडला. गंमत अशी की त्याच २०११ च्या ऑक्टोबरपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये जखमी फलंदाजाला ‘रनर’ देणं बंद झालं.

सायमन विंचेस्टर या लेखकाने तेव्हा लिहिलं होतं की हा बदल काळाची खूण आहे. ‘सेट’ हा स्थिर, बसक्या जगाचा शब्द आणि ‘रन’ हा यंत्रांच्या, धावपळीच्या जगाचा. म्हणणं आकर्षक आहे, पण पुरतं पटत नाही. ‘सेट’ची नोंद जुनी होती आणि ‘रन’ची ताजी तपासलेली. शंभर वर्षांचे नवे पुरावे ज्याच्या पदरात पडले तो फुगणारच. आणि नाक वाहायला वाफेच्या इंजिनाची गरज नव्हती. खरा फरक मोजणाऱ्यांनी केला. मरेच्या वाचकांनी ज्या शब्दाकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे कुणीतरी नऊ महिने टक लावून पाहिलं.

या कोशाचे धागे आपल्याकडेही येतात. १८५७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी जुन्या इंग्रजी कोशांतल्या त्रुटी मांडल्या आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. त्याच १८५७ साली सागरच्या किल्ल्यात फिट्झएडवर्ड हॉल नावाचा अमेरिकन संस्कृत पंडित बंडाच्या वेढ्यात बंदूक घेऊन उभा होता. हा गृहस्थ १८४६ साली घरातून पळून गेलेल्या भावाला शोधत कलकत्त्याला निघाला. बंदराजवळ येता येता जहाज फुटलं, आणि तो इथेच राहून संस्कृत शिकला, बनारसच्या कॉलेजात शिकवू लागला. म्हातारपणी इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकांतात बसून त्याने वर्षानुवर्षं मरेला चिठ्ठ्या आणि मुद्रितांच्या दुरुस्त्या पाठवल्या. ‘रनअवे’ भावाच्या मागे निघालेला माणूस इंग्रजी कोशाला असा लाभला.

आणि तेच १८५७ साल मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचं. पहिली १८३१ ची, दुसरीत शब्द सुमारे ६० हजार. याच मंडळींचा, थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला होता, तेव्हा ‘रन’ला मराठी देताना शास्त्री मंडळींची काय त्रेधा झाली असेल याची कल्पना वर दिलेल्या दहा वाक्यांवरून येईल. पण उलट दिशेची पंचाईत त्याहून मोठी. मराठीचा ‘रन’ म्हणजे ‘धावणे’ नव्हेच. तो म्हणजे ‘लागणे’.

भूक लागते, ठेच लागते, आग लागते, हळद लागते. वेळ लागतो, पैसे लागतात, निकाल लागतो, नाद लागतो, नंबर लागतो. मुलगा नोकरीला लागतो, मुलगी अभ्यासाला लागते. भाजी करपली की खाली लागते, पाऊस थांबेना की लागून राहतो. “तो तुझा कोण लागतो?” या प्रश्नाला इंग्रजी क्रियापद शोधून पाहावं. थिएटरला सिनेमा लागतो, फोन लागत नाही. हे दोन मोल्सवर्थच्या गावी नव्हते. दाते-कर्व्यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नंतरही ‘लागणे’ वाढतच राहिलं आहे. त्याला नऊ महिने सलग कुणी दिलेले नाहीत.

तोवर वाचकांनी मरेच्या वाचकांची चूक करू नये. सहा बाय चारचा कागद घ्यावा, कोपऱ्यात ‘लागणे’ लिहावं, खाली ऐकलेलं वाक्य, गाव आणि तारीख. सुरुवात एसटी स्टँडवरून करावी. “गाडी लागली” हे वाक्य तिथे चौकशीच्या खिडकीपाशीही ऐकू येतं आणि मागच्या बाकावर, पिशवीत तोंड घातलेल्या आजीच्या शेजारीही. त्या दोन चिठ्ठ्या वेगळ्या कराव्यात.